उबदार हिऱ्याची अंगठी

१

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, एक वहिनींकडे. दोन्ही एकदम फिरवल्याशिवाय दार उघडत नाही. दादा गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला आम्ही दीर-भावजय तिजोरीपुढे उभे राहतो, मी ‘हं’ म्हणतो आणि दोघांचे हात एकदम फिरतात. मग त्या काउंटरवर जातात आणि मी मागच्या खोलीत. तिथे उत्तरेकडे खिडकी आहे. पांढऱ्या कागदाची घडी घालून तिच्यात हिरे पालथे मांडायचे आणि रंग पाहायचा, हे माझं पहिलं काम. हिरा उताणा असला की नखरे करतो, लकाकतो, फसवतो. पालथा घातला की मुकाट्याने खरं बोलतो.

दुकानाचं नाव झालं ते पिवळट हिऱ्यांमुळे, आणि ते श्रेय वहिनींचं. माझे वडील असले हिरे बाजूला काढून ठेवायचे, सुपातल्या खड्यांसारखे. वहिनी लग्न होऊन आल्या आणि महिन्याभरात मला म्हणाल्या, “भावोजी, पांढरा हिरा म्हणजे दवाखान्यातली ट्यूबलाइट हो. हा बघा, कसा कंदिलासारखा आहे.” त्यांनीच त्यांना ‘उबदार हिरे’ हे नाव दिलं. पिवळ्या सोन्यात बसवायचे, धरणारी नखंसुद्धा पिवळ्याच सोन्याची. पांढऱ्या धातूत घातले की तोच रंग डाग वाटतो, पिवळ्यात तो माणसाच्या कातडीशी बोलतो. गिऱ्हाइकाला त्या बजावायच्या, “क्रीम घाला, विटकरी घाला, गर्द हिरवं घाला. भक्क पांढऱ्यावर घालू नका, बिचारा ओशाळतो.” शिवाय प्रत्येकाला दाराशी उन्हात नेऊन हिरा दाखवायच्या. आमच्या दिव्यांखाली ठरवलेलं त्यांना चालायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका नेहमीच्या पुडीत नऊ हिरे आले. आठ ठीकठाक होते. नववा मधात बुडवून काढल्यासारखा. वहिनी म्हणाल्या, “हा मला काउंटरवर घालायला करा. पेटीतला हिरा कुणाला कळत नाही, बोटावरचा कळतो.” मी अंगठी केली. चौदा नंबर, करंगळीशेजारच्या बोटासाठी. पेराशी जरा अडायची. थोडी फिरवली की बसायची.

२

गेल्या हिवाळ्यात एकदा त्या किल्ली फिरवत होत्या आणि माझं लक्ष हाताकडे गेलं. अंगठी मधल्या बोटात होती.

“बोट बदललंत?”

“हो, बदल म्हणून.”

एवढंच बोलणं झालं. मी मागे जाऊन बसलो, पण कानस हातात तशीच राहिली. त्यांचं मधलं बोट सतराचं. मीच कितीदा मोजलंय. चौदाची अंगठी सतराच्या बोटात जाते कशी?

जाते ती एकाच प्रकारे. कुणीतरी मोठी केली की. आणि मी केलेली नव्हती.

आमच्या धंद्यात संशय हे एक हत्यारच आहे. चिमटा, भिंग आणि संशय, तिन्ही रोज पुसून ठेवायची. वहिनींनी अंगठी दुसऱ्या कारागिराकडे दिली होती, मला न सांगता. का दिली असेल? अंगठी मोठी करायची तर हिरा उतरवत नाहीत. पण एकदा बाहेरच्याच्या हातात गेल्यावर कुणी काय उतरवलं आणि काय चढवलं, हे कोण सांगणार?

दुपारी त्या जेवायला वर गेल्या तेव्हा अंगठी ट्रेवर काढून ठेवलेली होती. मी ती मापाच्या दांडीवर चढवली.

चौदावर थांबली. भिंगातून अंगठीची पट्टी पाहिली. माझाच एक सांधा, दुसरा कुठलाच नाही.

मी स्वतःची समजूत घातली. माणूस वाळतं. नवरा गेलाय, वय झालंय, बोटं बारीक होतात. तीन आठवड्यांनी अंगठी अंगठ्याशेजारच्या बोटात दिसली, तेव्हा मी हीच समजूत पुन्हा घातली. पण ती काही नीट बसेना.

३

नंतर रंग. एकदा वहिनी वर गेलेल्या असताना त्यांची अंगठी खिडकीशी आणली आणि सवयीने, फिक्यापासून गडदपर्यंत लावलेल्या तुलनेच्या पाच हिऱ्यांशेजारी पालथी धरली. बसवला तेव्हा हा हिरा तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये होता. आता पाचवा त्याच्यापुढे फिका दिसत होता. मधाचा काढा झाला होता.

आणि ओठ. जुने लोक हिरा ओठाला लावून बघायचे, मीही बघतो. खरा हिरा गार लागतो, अंगातली ऊब पटकन ओढून घेतो. काच तशी लागत नाही.

हा गरम लागला. नुकतीच कुणीतरी बोटातून काढून दिलेली अंगठी असते ना, तसा.

काउंटरच्या पेटीतले दिवे तापतात, म्हणून असेल. दुसऱ्या दिवशी तिजोरी उघडल्या उघडल्या मी पहिली ती अंगठी उचलली आणि ओठाला लावली. तिजोरीतलं बाकी सगळं थंडगार होतं, ट्रेची कडासुद्धा. ती मात्र उबदार.

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. ‘हे काय करताय’ असं कुणीही विचारलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात मी मागून ऐकलं. एक तरुण जोडपं त्याच अंगठीवर भाळलं होतं. वहिनी म्हणाल्या, “ही विकायची नाही.” दोन दिवसांनी दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, “तुमच्या हाताला नाही शोभायची.” दगडालाही दागिना शोभतो असं पटवून देणारी ही बाई! मला ते ऐकून पटलंच. त्यांना हिरा कुणाच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता, कारण तो दुकानाचा हिरा नव्हताच.

४

घरी हा विषय काढला. आमची ही एका शाळेच्या कचेरीत असते, दिवसभर लोकांच्या सबबी ऐकते. तिचा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

“तुमच्या वहिनी हल्ली लांब बाह्या घालतात, बघितलंत का?” ती म्हणाली. “उकाड्यात! आणि परवा कप दोन्ही हातांनी धरला होता, लहान मुलं धरतात तसा. काहीतरी लपवतायत.”

“हिरा बदललाय असं मला वाटतं.”

“मग वाटत काय बसलाय? काढून बघा. हाताला काय मेंदी लागलीय?”

बघितलं. दुसऱ्या दिवशी वहिनी वर असताना नखं उचलून हिरा मोकळा केला, तोलला, भिंगाखाली धरला. प्रत्येक हिऱ्यात त्याची म्हणून एक खूण असते. याच्या कडेला वाकड्या पापणीसारखी एक रेघ होती, मीच टिपून ठेवलेली. रेघ तिथेच होती. वजन तेच होतं. वर एखादा लेप असेल म्हणून स्पिरिटने धुतला, उकळवला. पाणी स्वच्छ राहिलं. हिरा आणखीच गडद दिसला.

हिरा तोच. मग रंग कसा चढला?

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “छान आहेत की. अजून पंधरा वर्षं हिरे बघाल.”

खरं तर इथे माझा संशय संपायला हवा होता. पण संशयाला पुरावा मिळाला नाही की तो जात नाही, फक्त जागा बदलून बसतो. आता मला वाटायला लागलं की वहिनींना यातलं काहीतरी माहीत आहे आणि त्या माझी गंमत बघतायत.

५

ज्या दिवशी अंगठी त्यांच्या अंगठ्यात दिसली, त्या दिवशी माझा तोल गेला.

दुकान नुकतंच उघडलं होतं. समोरच्या औषधांच्या दुकानाचं शटर वर जात होतं. मी आमच्या दाराला आतून कडी घातली.

“वहिनी, सरळ विचारतो. या हिऱ्याचं काय केलंत तुम्ही?”

“मी?”

“रंग बदललाय. गिऱ्हाइकं परत पाठवताय. माझ्यापासून लपवाछपवी चाललीय. दादा असता तर—”

“त्यांना मध्ये आणू नका, भावोजी.” त्यांचा आवाज चढला नाही. “तुम्ही मला चोर समजताय?”

मी ट्रे सरळ करायला लागलो. उत्तर त्यांना कळलं. त्यांनी अंगठी काढली. काढली कसली, हात जरासा कलंडला आणि ती आपोआप माझ्या तळहातावर पडली.

“तिजोरीत ठेवा. तुम्ही घालू नका, आणि विकूही नका.”

“का पण?”

“चोर समजलात, ते सोसेन. सांगितलं तर वेडी समजाल. ते नाही सोसायचं मला.” त्या बाही मागे सारायला लागल्या. “बघायचंय?”

मी मान दुसरीकडे वळवली. राग होता, लाजही होती. विधवा भावजयीच्या तोंडावर चोरीचा आळ घेतलेला माणूस तिच्या हाताकडे कुठल्या तोंडाने बघणार? बघायला हवं होतं. नाही बघितलं.

त्याच दुपारी किल्ली माझ्या हवाली करून त्या बहिणीकडे गेल्या. दीड महिना येणार नाही म्हणाल्या.

६

मेट्रनबाई आल्या त्या हसतच. चाळीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या, अंगाने भरलेल्या, निळ्या कोटातल्या. मागोमाग त्यांचे यजमान. शिडशिडीत, मितभाषी, जमीन मोजणीच्या खात्यात जन्म गेलेला.

“साठावा वाढदिवस आहे माझा,” बाई म्हणाल्या. “आयुष्यभर हातात रबरी मोजे. आता काहीतरी दिसेलसं घालणार. पण आधीच सांगते, माझी बोटं म्हणजे केळी आहेत. हसायचं नाही.”

मी पांढरे दाखवले. त्यांनी नाक मुरडलं. “हे इस्पितळातलं वाटतं हो.” मग त्यांची नजर माझ्यामागे उघड्या तिजोरीकडे गेली. “तो कुठला? तो चहासारखा?”

मी नाही म्हणू शकलो असतो. पण का म्हणावं? हिरा अस्सल होता, मीच तपासला होता. न विकायचं एकच कारण होतं, वहिनींचा शब्द, आणि त्या शब्दावरच तर माझा विश्वास नव्हता. उलट विकला की प्रश्न मिटेल, असा मी हिशेब केला.

बाईंनी अंगठी करंगळीच्या टोकावर अडकवून उन्हात धरली. “अगंबाई,” त्या हळूच म्हणाल्या. “ही तर उबदार लागतेय. कुणी हात धरल्यासारखी.”

त्यांच्या यजमानांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “घे. तुला शोभते.”

मी पट्टीत सोनं घालून ती बावीसची करून दिली.

७

तीन आठवड्यांत त्या पुन्हा आल्या. अंगठी सैल झाली होती.

“वजन उतरतंय माझं!” बाई खुशीत होत्या. “डॉक्टर म्हणतात, छान आहे, असंच चालू द्या.” मी पट्टी कापून सतरा केली. हिरा काढ्याच्या पुढे जाऊन जुन्या तांब्यासारखा झाला होता. मी डबी बंद करून त्यांच्या हाती दिली.

त्यानंतर बारा दिवसांनी. निळा कोट आता खांद्यावरून ओघळत होता. या वेळी माप अकरा आलं. बाईंचा हात माझ्या हातात होता, मापाची कडी मी स्वतः चढवत होतो. तो आजारी माणसाचा हात नव्हता. त्यावर सुरकुती नव्हती, हाडं वर आली नव्हती. तो व्यवस्थित, गोंडस, निरोगी हात होता. फक्त लहान होता.

“बाई,” मी म्हणालो, “ही अंगठी मला परत द्या. हवा तो दागिना न्या बदल्यात. अख्खी पेटी तुमच्यापुढे मांडतो.”

“का हो? खोट आहे का हिऱ्यात?”

“नाही.”

“मग?” त्यांनी हात छातीशी घेतला. त्यांची नजर मात्र पूर्वीचीच होती, मिस्कील. “माझी आहे ही. मी काढते तेव्हा गारठून जाते.”

संध्याकाळी वहिनी परत आल्या. बॅग खाली ठेवायच्या आधीच त्यांनी तिजोरीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“कुणाला दिलीत?”

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. बाह्या मागे गेल्या आणि मी त्यांचे हात पाहिले. उजवा होता तसाच, पन्नाशीचा, शिरा दिसणारा. डावा एखाद्या शाळकरी मुलीचा.

“मी बोटं बदलत होते,” त्या म्हणाल्या. “एकाच बोटावर भार नको म्हणून. तिजोरीत असली की रात्रभर हात दुखायचा, घातली की थांबायचा. बहिणीकडे पहिले आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी दुखणं एकदम गेलं. तेव्हाच कळलं मला, दुसरं कुणीतरी मिळालं तिला.”

मी माफी मागितली. त्या ‘असू द्या’ म्हणाल्या नाहीत.

८

आम्ही मेट्रनबाईंच्या घरी फोन केले. वाजून वाजून बंद व्हायचे. पत्ता घेऊन मी दोनदा गेलो. पडदे ओढलेले, आत पावलांचा आवाज, पण दार कुणी उघडलं नाही. पावलं एकाच माणसाची होती.

मग एका दुपारी, तीनच्या सुमाराला, त्यांचे यजमान दुकानात आले. एकटेच. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. अंगठी त्यांनी मखमलीच्या ट्रेवर ठेवली आणि पाकिटातून कागदाची एक घडी काढली. आत दोऱ्याचा एक वेढा होता, गाठ मारलेला.

“या मापाची करायची.”

बोटाचं माप लोक दोऱ्याने आणतात, त्यात नवल नाही. मी चिमट्याने तो वेढा उचलला आणि दांडीच्या टोकाला लावला. आकडे सुरू होतात तिथवर जाणं दूरच, तो टोकावरही चढेना. त्यातून जेमतेम काडेपेटीतली काडी गेली असती.

“इतकं लहान माप नसतं हो,” मी म्हणालो.

“आहे,” ते शांतपणे म्हणाले. “मी स्वतः घेतलंय, तीनदा. आयुष्यभर मोजणीच केलीय, चुकायचा नाही.”

“बाईंना घेऊन या.”

“आणलंय की. गाडीत बसलीय.”

गाडी दारासमोर फुटपाथला लागून उभी होती. काचांवर ऊन पडल्यामुळे आतलं दिसत नव्हतं. वहिनी काउंटरमागून उठून माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

मी ट्रेवरची अंगठी उचलून मुठीत घेतली. ती नुसती उबदार नव्हती आता, तळहाताला चटका बसत होता. “ही परत मिळणार नाही,” मी म्हणालो. “पोलिसांत जा, काहीही करा. मी देणार नाही.”

त्यांना राग आला नाही. ते गोंधळले, खरोखरच अडचणीत पडल्यासारखे. माझ्या मुठीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

“मग तिला ठेवू कुठे?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दोनदा, आखूड. नवरा दुकानात रेंगाळला की बायका वाजवतात तसा.

“आलो गं,” ते मागे न बघता म्हणाले.

वहिनींनी माझी मूठ उघडली. एकेक बोट सोडवलं, त्यांच्या त्या लहानशा हाताने. “करून द्या, भावोजी,” त्या म्हणाल्या. “मोठी अंगठी बाईंना आता सांभाळता यायची नाही. आणि अंगठीशिवाय काय होतं, ते मी भोगलंय.”

मी मागे गेलो. पट्टी कापली, कापली, आणखी कापली. सोन्याचे तुकडे पाटावर पडत होते. सांधा जोडला, घासला. शेवटी हिऱ्याखाली उरलं ते दाभणाच्या नेढ्याएवढं भोक. असला जिन्नस मी कधी केलेला नाही. पण काम नीट झालं. माझं काम नेहमी नीट होतं.

त्यांनी डबी घेतली, मान लववून आभार मानले आणि गेले. फुटपाथकडचं दार त्यांनी उघडलं तेव्हा आतलं दिसलं. पट्टा लावलेला होता, आणि पट्ट्याच्या आत निळा कोट बसला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. कॉलरच्या वर काय होतं ते यजमानांच्या पाठीआड गेलं. ते वाकले. डबी बाहीपाशी नेली. बाही आपली आपण वर झाली, जरा थांबली, आणि ते हसून काहीतरी म्हणाले.

मग त्यांनी दार लावलं आणि काच अर्धी खाली आली. बाहीच्या टोकाशी, जिथे पंजा असायला हवा तिथे, तांबूस काहीतरी उन्हात लकाकलं. डावीकडे हललं, उजवीकडे हललं, पुन्हा डावीकडे. ओळखीचं माणूस दिसल्यावर करतात तसं.

“बघू नका,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

पण तीस वर्षांची दुकानदारी अंगात मुरलेली. गिऱ्हाईक दारातून निरोप घेत होतं. मी हसलो, आणि मोकळा होता तो हात वर करून हलवला.